खटक्याचे चाक

आमच्या लहानपणी सायकलचे चाक काढणे हा एक छोटासा समारंभच असे. आधी सायकल उलटी करून सीट आणि हँडल यांच्यावर उभी करायची, शेजाऱ्याकडून पाना मागून आणायचा, तो मापाचा निघाला नाही की दुसरा शोधायचा, गंजलेल्या नटावर रॉकेलचे चार थेंब सोडून वाट पाहायची आणि अखेरीस दोघांनी मिळून जोर लावायचा. मागचे चाक असेल तर प्रकरण अधिक बिकट. चेन-कव्हर, कॅरियर, मडगार्डच्या तारा आणि स्टँड ही सारी मंडळी त्याच एका आसाच्या आधाराने राहणारी. एक नट सैल केला की पाच वस्तू हातात येत, आणि परत जोडताना एखादा वॉशर हटकून शिल्लक राही. त्यामुळे शहाणी माणसे चाक काढण्याच्या फंदात पडत नसत. पंक्चरदेखील चाक जागेवर ठेवून, टायरची एक बाजू उचकटून, ट्यूब बाहेर ओढून काढले जाई. आणि साध्या सायकलींच्या बाबतीत आजही आमच्या बेळगावात खडेबाजारापासून शहापुरापर्यंत हीच रीत चालू आहे. चाक हे सायकलचे अविभाज्य अंग, अशी आमच्या पिढीची समजूत या अनुभवातून पक्की झालेली होती.

ही प्रस्तावना अशासाठी की, दोन वर्षांपूर्वी दिवाळीच्या सुट्टीत आमची मुलगी पुण्याहून आली ती आपल्या लहानशा मोटारीतून, आणि त्या मोटारीच्या पोटातून तिने एक सोडून दोन सायकली बाहेर काढल्या. सांगाडे वेगळे, चाके वेगळी, मधे आईने तिला दिलेली जुनी गोधडी. अंगणात उभ्या उभ्या, हातात कुठलेही हत्यार न घेता, पाच-सात मिनिटांत तिने दोन्ही सायकली जोडून तुळशीवृंदावनाजवळच्या भिंतीला टेकवून ठेवल्या.

"पाना कुठे आहे तुझा?" मी विचारले.

"पाना लागत नाही, बाबा. याला क्विक रिलीज म्हणतात."

या वस्तूला मराठीत काय म्हणावे, यावर मी सवयीने विचार करू लागलो. शीघ्रमोचक वगैरे शब्द बनवता येईल. पण तो शब्दकोशातच राहील. मला खटका हा शब्द बरा वाटला. बंदुकीचा खटका, कुलपाचा खटका, दिव्याचा खटका हे आपल्या नित्य बोलण्यातले आहेत. दोन माणसांमध्ये उडतो तोही खटकाच, आणि या चाकाच्या निमित्ताने आमच्या घरात तसा एक उडणारही होता. पण ते मागाहून कळले.

सायकल मोटारीत घालून न्यायची ही कल्पनाच मला प्रथम हास्यास्पद वाटली. वाहनाने वाहनाला वाहून नेणे म्हणजे गोष्टीतल्या बापलेकांनी गाढव खांद्यावर घेण्यापैकी झाले! एस.टी.च्या टपावर दोरीने बांधलेल्या सायकली आम्ही पाहिल्या होत्या. पण तिथे निरुपाय असे. मुलीचे म्हणणे निराळे होते. शहरातून बाहेर पडेपर्यंतचा रस्ता मालट्रकांनी, धुळीने आणि बेशिस्त वाहतुकीने भरलेला. जांबोटीच्या पुढे मात्र झाडी दाट होत जाते आणि कणकुंबीकडे जाणारा रस्ता पहाटेच्या वेळी पाहावा असा असतो. तेव्हा धोक्याचा रस्ता मोटारीने ओलांडावा आणि आनंदाचा रस्ता सायकलने जावा. शिवाय दुसरी सायकल तिने माझ्यासाठी आणलेली होती. यावर मी काय बोलणार?

दुसऱ्या दिवशी पहाटे अंधारातच आम्ही निघालो. जांबोटी मागे टाकल्यावर रस्त्याच्या कडेला मोकळ्या जागी तिने मोटार थांबवली आणि सायकली उतरवल्या. ती मागचे चाक बसवीत होती, तेव्हा आपणही काहीतरी करावे म्हणून तिच्या सायकलचे पुढचे चाक मी बसवले. चाकाच्या मध्यभागी एका बाजूला बोटभर लांबीची तरफ होती. नळ बंद करावा तशी ती मी उजवीकडे फिरवत राहिलो. दुसऱ्या बाजूला एक लहान नट असतो आणि तरफ फिरवताना तो धरून ठेवावा लागतो, नाहीतर तोही तिच्याबरोबर फिरतो, याचा मला गंध नव्हता. बोटांना ते घट्ट झाल्यासारखे वाटले, एवढे खरे.

मुलगी आली, तिने हँडल धरून सायकलचा पुढचा भाग वर उचलला आणि चाकावर वरून मुठीने एक ठोसा मारला. चाक चिमट्यातून सुटले, रस्त्यावर पडले, गडगडत जाऊन कडेच्या गवतात आडवे झाले. आमच्यासमोर उतार होता. ती काही बोलली नाही. तिने माझ्याकडे पाहिले, मग उताराकडे पाहिले आणि चाक आणायला गेली. माझ्या पोटात जो गोळा आला त्याचे वर्णन मी करीत नाही. प्रश्न पूर्ण वाचल्याखेरीज उत्तर लिहू नका, असे विद्यार्थ्यांना सांगण्यात माझा जन्म गेला आहे.

खटका उडाला तो घरी परतल्यावर. "विचारायचं तरी होतं, बाबा," एवढेच ती म्हणाली. मी उगाच आवाज चढवला. चूक उघडी पडली म्हणजे मास्तरांचा आवाज चढतो, हे माझे विद्यार्थी तुम्हांला अधिक चांगले सांगतील. पण त्या दिवाळीत मी या चाकाचा नीट अभ्यास केला. तिने शिकवले, मी शिकलो. गिअरच्या सायकली आता आपल्याही गावांत बऱ्याच घरी दिसतात, आणि आई-वडील मुलांच्या सायकलींना हात लावतातच. म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

प्रथम या यंत्राची रचना. चाकाच्या मध्यभागाला बैलगाडीच्या भाषेत तुंबा म्हणतात. सायकलवाले हब म्हणतात. त्यातून जो आस जातो तो साध्या सायकलमध्ये भरीव असतो आणि त्याच्या दोन्ही टोकांना नट असतात. खटक्याच्या चाकात हा आस पोकळ असतो. त्या पोकळीतून सुमारे ५ मिलिमीटर जाडीची एक बारीक पोलादी कांब आरपार जाते. कांबेच्या एका टोकाला तरफ, दुसऱ्या टोकाला नट, आणि दोन्ही बाजूंना शंकूच्या आकाराची एकेक छोटी स्प्रिंग. स्प्रिंगचे निमुळते तोंड आतल्या बाजूस ठेवायचे असते. पुष्कळांच्या हातून ते उलटे होते.

आता यातली मेख. ही तरफ फिरवण्यासाठी नाहीच. ती मिटण्यासाठी आहे. तिच्या मुळाशी एक उत्केंद्री चकती असते, म्हणजे जिचे फिरण्याचे केंद्र मधोमध नसून एका बाजूला सरकलेले आहे अशी. यंत्रशास्त्रात तिला कॅम म्हणतात. तरफ मिटली की ही चकती कांबेला अगदी थोडी, पण प्रचंड ताकदीने, बाहेर ओढते. पोलादी कांब केसभर ताणली जाते आणि त्या ताणाने चिमट्याची दोन्ही टोके तुंब्यावर आवळली जातात. सायकलस्वाराचे वजन ही कांब उचलीत नाही. ते आसावर असते. कांबेचे काम फक्त आवळून धरण्याचे. मिटताना अखेरच्या टप्प्यावर जोर किंचित कमी झाल्यासारखा वाटतो. चकतीचा सर्वांत उंच भाग ओलांडला गेल्याची ती खूण. यामुळेच मिटलेली तरफ धक्क्यांनी आपण होऊन उघडत नाही. तरफ न मिटता नुसती नटासारखी फिरवली, तर ही सारी योजना वाया जाते आणि जो काही आवळपणा येतो तो फक्त बोटांच्या जोराचा. मी नेमके तेच केले होते.

चाक आसावर टिकवण्याचा प्रश्न अर्थात चाकाइतकाच जुना आहे. बैलगाडीच्या कण्याच्या टोकाला एक खीळ असते. ती उपसली की चाक निघाले. हाही एक खटकाच म्हणायचा, आणि तो आपल्याकडे कोण जाणे किती काळापासून चालत आलेला आहे. रणांगणावर दशरथाच्या रथाची खीळ निखळली, तेव्हा कैकेयीने तिथे आपला हात घालून चाक सावरले आणि दोन वर मिळवले, ही कथा कीर्तनांतून आपण सर्वांनी ऐकली आहे. एका खिळीपायी रामाला वनवास घडला, असेही त्यावर कुणी म्हणू शकेल.

सायकलच्या खटक्याचे जनकत्व मात्र इटलीकडे जाते. तुल्लिओ कंपान्योलो हा तिथल्या विचेंत्सा गावचा. जन्म १९०१ सालचा. वडिलांचे लोखंडी सामानाचे दुकान होते आणि मुलाला सायकल-शर्यतींचा नाद. त्या काळच्या शर्यतीच्या सायकलींना आजच्यासारखे गिअर नसत. मागच्या चाकाला दोन बाजूंना दोन दातेरी चक्रे असत, एक सपाटीचे आणि एक चढाचे. चढ सुरू झाला की स्वाराने उतरायचे, चाक काढायचे, उलटे करून बसवायचे आणि पुन्हा निघायचे. चाक घट्ट करण्यासाठी फुलपाखराच्या पंखांसारखे दोन कान असलेले नट असत, जे बोटांनी फिरवता येत.

पुढची हकीकत अशी सांगतात. १९२७ सालच्या नोव्हेंबरात डोलोमाइट पर्वतराजीतल्या क्रोचे दाउने नावाच्या खिंडीत एक शर्यत चालली होती. बर्फ पडत होते. चढापाशी कंपान्योलो चाक उलटण्यासाठी उतरला. पण थंडीने बधिर झालेल्या बोटांना नट काही फिरेना. त्या खटपटीत शर्यत हातची गेली. घरी परतल्यावर त्याने मनाशी घेतले की यावर उपाय काढायचाच. आणि त्यातून पोकळ आस, कांब आणि तरफ यांची ही योजना जन्माला आली. १९३३ साली त्याने स्वतःच्या नावाची कंपनी काढली. तिचे नाव सायकलविश्वात आजही आदराने घेतले जाते. १९८३ साली तो वारला. त्या खिंडीत त्याचे स्मारक उभे आहे.

ही कथा इतकी सुबक आहे की तिच्याविषयी थोडा संशय यावा. आणि काही अभ्यासकांनी तिच्या तारखांबद्दल आणि तपशिलांबद्दल तशा शंका उपस्थित केल्याही आहेत. साहित्याच्या विद्यार्थ्याला याचे नवल वाटत नाही. प्रत्येक मोठ्या वस्तूमागे लोकांना एक प्रसंग हवा असतो. बर्फात उतरलेला तो शर्यतपटू खरा असो वा नसो, गारठलेली बोटे आणि न फिरणारा नट हे दुःख खरे आहे, हे थंडीत सायकल दुरुस्त केलेला कुणीही सांगेल.

याच खटक्याचा कंपान्योलोने पुढे जो उपयोग केला तो वाचून मी थक्क झालो. १९४० च्या दशकात त्याने गिअर बदलण्याची एक अशी योजना बाजारात आणली की, स्वाराने सायकल चालवता चालवता हात मागे नेऊन मागच्या चाकाचा खटका उघडायचा! चाक सैल झाले की पायडल उलटे फिरवून, दुसऱ्या एका दांडीने चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर ढकलायची, आणि चाक खाचांमध्ये मागेपुढे सरकून चेन ताणली गेली की खटका पुन्हा मिटायचा. हे सारे धावत्या सायकलवर. जिनो बार्ताली या इटालियन स्वाराने १९४८ सालची फ्रान्सची जगप्रसिद्ध शर्यत, म्हणजे टूर द फ्रान्स, याच योजनेची सायकल चालवून जिंकली. ज्या खटक्याने मला उभ्या सायकलवर घाम फोडला तो त्या माणसाने डोंगर चढताना मागे न पाहता हाताळला असेल!

शर्यतपटूंच्या हातात असेतो खटका गुणी होता. तो सामान्य माणसांच्या हाती गेला तेव्हा माझ्यासारखे लोक पुढे सरसावले. अमेरिकेत तरफ नटासारखी फिरवणाऱ्यांची चाके सुटली, माणसे पडली आणि कोर्टकचेऱ्या झाल्या. तेव्हा कारखानदारांनी चिमट्याच्या टोकांशी लहान उंचवटे ठेवायला सुरुवात केली; खटका उघडा राहिला तरी चाक एकदम निखळून पडू नये म्हणून. हे उंचवटे वकिलांच्या धास्तीने आले, म्हणून सायकलवाले त्यांना गमतीने वकिलांचे ओठ म्हणतात. त्यांच्यामुळे चाक काढताना खटका उघडून भागत नाही. समोरचा नटही चार-पाच वेढे सैल करावा लागतो. म्हणजे शीघ्र काम तितकेसे शीघ्र राहिले नाही. काही उत्साही लोक हे उंचवटे कानशीने घासून टाकतात. माझ्या मते तो मूर्खपणा आहे. जांबोटीला उंचवट्यांनी मला वाचवले नाही, कारण काढताना सैल केलेला नट मी पुन्हा आवळलाच नव्हता. पण ते एरवी कुणाला तरी वाचवतीलच.

डिस्क ब्रेक आल्यावर आणखी एक गोष्ट लक्षात आली. या ब्रेकची पकड चाकाच्या मध्याजवळ, चिमट्याच्या मागच्या बाजूला असते. त्यामुळे जोरात ब्रेक लावल्यास चाकाला खाचेतून खाली ढकलणारे बल निर्माण होते. २००३ च्या सुमारास एका ब्रिटिश वैज्ञानिकाने हे गणित मांडून दाखवले. त्यावरचा पक्का तोडगा म्हणजे चिमट्याच्या टोकांना खाचेऐवजी बंद छिद्रे ठेवून त्यांतून १२ किंवा १५ मिलिमीटर जाडीचा आस आरपार घालणे आणि तो आट्यांनी आवळणे. याला थ्रू ॲक्सल म्हणतात, आणि महागड्या सायकलींवर आता बहुधा हाच असतो. तो मात्र खरोखरच फिरवून घट्ट करायचा असतो. तेव्हा आपल्या सायकलला कोणता प्रकार आहे, हे आधी पाहावे.

खटका आणि डिस्क ब्रेक एकत्र असतील तर आणखी एक तपासणी करावी. २०१५ साली एका मोठ्या अमेरिकन कंपनीने एकट्या अमेरिकेतल्या सुमारे ९ लाख सायकलींचे खटके बदलून देण्याचे जाहीर केले. ते खटके उघडल्यावर अर्ध्या वर्तुळापेक्षा अधिक मागे वळत आणि चालत्या चाकाच्या चकतीत अडकण्याचा धोका होता. परीक्षा सोपी आहे. खटका पूर्ण उघडून चकतीच्या दिशेने वळवावा आणि दोहोंच्या मधे शाळेची साधी पेन्सिल घालून पाहावी. पेन्सिल जात नसेल, म्हणजे साधारण ६ मिलिमीटर अंतर नसेल, तर तो खटका बदलून घ्यावा.

आता प्रत्यक्ष कृती. रिमला चिकटणारे ब्रेक असतील तर ते आधी मोकळे करावे लागतात, नाहीतर फुगलेला टायर ब्रेकच्या रबरांत अडकतो; त्यासाठी ब्रेकपाशीच एक लहान खटका किंवा तारेची वाकडी नळी असते. डिस्क ब्रेक असेल तर काही सोडावे लागत नाही. पण चाक बाहेर असताना ब्रेकची मूठ चुकूनही दाबू नये. दाबली की आतल्या दोन्ही पट्ट्या जवळ येऊन बसतात आणि चकती परत आत जात नाही. आमची मुलगी त्या फटीत जाड पुठ्ठ्याचा तुकडा घालून ठेवते. उतार उतरून आल्यावर चकती सडकून तापलेली असते, तेव्हा तिला लगेच हात लावणे नको. मागचे चाक काढायचे तर चेन आधी सर्वांत लहान चक्रावर आणावी, मग गिअरची यंत्रणा हाताने मागे ओढून धरली की चाक अलगद निघते. हात काळे होतात. त्याला इलाज नाही.

चाक बसवताना सायकल जमिनीवर सरळ उभी हवी, म्हणजे तिच्या वजनाने आस खाचेत पुरता टेकतो. तरफ उघडी ठेवून दुसऱ्या हाताने समोरचा नट हळूहळू आवळत जावे. किती आवळावा? तरफ मिटू लागावे. ती अर्ध्या वाटेवर, म्हणजे आसाच्या रेषेत सरळ बाहेर आली, की हाताला विरोध जाणवू लागला पाहिजे. तिथपर्यंत ती सैल असेल तर नट आणखी पाव वेढा फिरवावा. त्याआधीच ती अडली तर थोडा सैल करावा. मग तळहाताने दाबून पूर्ण मिटावी. नीट मिटली असेल तर तळहातावर तरफेचा वळ उठतो. वळ नाही तर आवळपणा नाही, हे माप कुठल्याही यंत्राविना कामाचे आहे. तरफेचे टोक मागच्या दिशेला असावे, म्हणजे वाटेतल्या काटक्या तिच्यात अडकत नाहीत; आणि ती चिमट्याला इतकी चिकटू नये की उघडताना बोट शिरणार नाही. मग ब्रेक पूर्ववत जोडावा, चाक फिरवून पाहावे, आणि सायकल उचलून चाकावर वरून ठोसा मारावा. हा ठोसा दर वेळी. आदल्या रात्री आपणच बसवले असले तरीही. बाजारात कुणी गमतीने खटका उघडून ठेवला तर तो आपल्याला सांगायला येत नाही. जितक्या सहज चाक आपल्याला काढता येते तितक्याच सहज ते चोरालाही काढता येते. म्हणून कुलपाची साखळी सांगाड्याबरोबर चाकातूनही ओवावी.

आता मोटारीकडे वळू. सायकल नेण्याच्या तीन तऱ्हा आहेत: आत, मागे आणि टपावर. आत नेणे सर्वांत चांगले. लहान मोटारीचे मागचे आसन पुढे दुमडले आणि दोन्ही चाके काढली की सांगाडा आत मावतो. तो आडवा ठेवताना चेन आणि गिअरची बाजू वर असावी. ती खाली गेली तर गिअरची नाजूक यंत्रणा वजनाने वाकते आणि मग चेन भलत्याच चक्रावर उड्या मारते. चाक काढलेल्या चिमट्याच्या टोकांमधे तेवढ्याच रुंदीचा, म्हणजे १०० मिलिमीटरचा, लाकडी ठोकळा घालावा. सामानाखाली चिमटा दबत नाही. काढलेली कांब, स्प्रिंग आणि नट ताबडतोब तुंब्यातच परत घालून ठेवावी. ती खिशात ठेवणारा माणूस एक स्प्रिंग हरवतोच. मी हरवली आहे. खाली जुनी गोधडी अंथरावी, कारण चेनचे तेल आसनाला लागले की घरात जो संवाद होतो तो इथे देण्यासारखा नाही. आणि सांगाडा व चाके दोरीने किंवा आसनाच्या पट्ट्याने घट्ट बांधावी. अचानक ब्रेक लागला की मोकळी वस्तू तशीच पुढे जाते आणि पुढे आपण बसलेलो असतो. इयत्ता नववीत जडत्वाचा नियम आम्ही शिकवतो तो हाच.

मोटारीच्या मागे पट्ट्यांनी बांधायची चौकट मिळते. ती स्वस्त आहे आणि चाके काढावी लागत नाहीत. पण मागची नंबरपट्टी आणि तांबडे दिवे झाकले जातात. नंबरपट्टी स्पष्ट दिसली पाहिजे असा मोटार वाहन नियमांचा दंडक आहे आणि दिवे न दिसणे घाटात जिवावरचे आहे. सायकलचे चाक धुराच्या नळीसमोर आले तर टायर भाजून निघतो, हेही ध्यानात ठेवावे. एकंदरीत ही तऱ्हा मला पसंत नाही.

टपावरच्या पट्टीवर सायकल उभी नेता येते. काही पट्ट्यांना पुढचे चाक काढून चिमट्याची टोके पकडण्याची सोय असते, आणि गंमत अशी की ती पकडही खटक्याचीच असते. थ्रू ॲक्सलच्या सायकलला तिथे वेगळा जोड घ्यावा लागतो. सायकलवरची पाण्याची बाटली, पिशवी, पंप वगैरे आधी काढावे; वाऱ्याने ते सुटतात आणि मागच्या वाहनावर जातात. पाच-दहा किलोमीटर गेल्यावर एकदा थांबून सगळ्या पकडी हाताने चाचपाव्या. खरा धोका मात्र विसरण्याचा. प्रवास करून दमलेला माणूस टपावर सायकल आहे हे विसरतो आणि मोटार थेट पोर्चखाली किंवा रेल्वेपुलाच्या कमी उंचीच्या कमानीखाली घालतो. पुढच्या काचेच्या कोपऱ्यात "वर सायकल आहे" अशी चिठ्ठी चिकटवणे, हा त्यावरचा उपाय शाळकरी वाटेल. पण तो लागू पडतो.

या गेल्या हिवाळ्यात आम्ही पुन्हा त्याच ठिकाणी गेलो. धुके होते, समोरचा उतार दहा पावलांपलीकडे दिसत नव्हता. मुलीने सायकली उतरवल्या, आपल्या सायकलचे पुढचे चाक माझ्या हातात दिले आणि थर्मासमधला चहा ओतीत बाजूला उभी राहिली. मी आस खाचेत टेकवला. तरफ मिटून पाहिली, सैल वाटली. उघडली, नट पाव वेढा फिरवला, पुन्हा मिटली. सायकल उचलून ठोसा मारला. चाक हलले नाही. तिने चहाचा पेला मोटारीच्या टपावर ठेवला, जवळ येऊन स्वतः आणखी एक ठोसा मारला आणि माझा उजवा हात धरून तळवा उताणा केला. वळ उमटलेला होता.

"ठीक आहे," ती म्हणाली आणि सायकलवर बसली.